लेबनॉनचे तरुण आणि पंथांची राज्यव्यवस्था

लेबनॉनमध्ये मूल जन्मास आले की त्याचे नाव सरकारी नोंदवहीत चढते. येथवर त्या देशात काही वेगळे नाही. परंतु त्या नोंदवहीत नावाबरोबर आणखी दोन गोष्टी लिहिल्या जातात आणि त्या जन्मभर माणसाची पाठ सोडीत नाहीत. पहिली गोष्ट वडिलांचे मूळ गाव. दुसरी वडिलांचा पंथ. मूल पुढे राजधानी बैरूतमध्ये वाढले, तेथेच नोकरीला लागले, मूळ गाव त्याने उभ्या जन्मात दोनदाही पाहिले नाही, तरी मत देण्यासाठी त्याला त्या गावीच जावे लागते. त्याची देवावर श्रद्धा असो वा नसो, देशात विवाह करावयाचा तर तो त्या पंथाच्या धर्मगुरूपुढे किंवा पंथाच्या न्यायालयापुढेच लागतो. मुलगी असेल तर विवाहानंतर तिची नोंद पतीच्या नोंदवहीत हलविली जाते आणि तिचे मतदानाचे गावही बदलते. वारसा, घटस्फोट, मुलांचा ताबा, इतकेच काय अखेरचा संस्कारही, या नोंदीच्या आधारानेच ठरतो.

असे अठरा पंथ लेबनॉनच्या कायद्याने मान्य केले आहेत. त्यांत बारा ख्रिस्ती पंथ आहेत; सुन्नी, शिया, ड्रूझ, अलवी आणि इस्माइली हे पाच इस्लामी गटात मोडतात; अठरावे ज्यू. यांच्यासाठी विवाह व कुटुंबविषयक असे पंधरा निरनिराळे कायदे लागू आहेत. देश केवढा? क्षेत्रफळ अवघे १०,४५२ चौरस किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या जिल्ह्यापेक्षाही लहान. एवढ्याशा भूमीत एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन बहिणभावंडांच्या मुलांना, त्यांच्या पित्यांचे पंथ वेगळे असल्यामुळे, वारशाचे वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात.

राज्यकारभाराची घडीही याच पायावर बसविलेली आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचा सभापती शिया, असा दंडक आहे. तो घटनेच्या कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. तरीही लिहिलेल्या कलमांपेक्षा तो अधिक कसोशीने पाळला जातो. संसदेच्या १२८ जागांपैकी ६४ ख्रिस्ती पंथांच्या आणि ६४ इस्लामी पंथांच्या. त्यांची पुन्हा वाटणी झालेली आहे: मॅरोनाइट ३४, ग्रीक ऑर्थोडॉक्स १४, ग्रीक कॅथलिक ८, आर्मेनियन ऑर्थोडॉक्स ५, आणि उरलेल्या लहान ख्रिस्ती पंथांना ३, दुसऱ्या बाजूस सुन्नी २७, शिया २७, ड्रूझ ८ आणि अलवी २.

येथे भारतीय वाचकाच्या मनात एक गैरसमज होण्याचा संभव आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी आपल्याकडे जे विभक्त मतदारसंघ आणले, त्यांत मुसलमानांनी मुसलमान उमेदवारासच मत द्यावयाचे होते. लेबनॉनमध्ये तसे नाही. तेथे मतदार एकत्र असतात, जागा मात्र राखीव असतात. मॅरोनाइट मतदार आपल्या मतदारसंघातील ड्रूझ उमेदवारास मत देऊ शकतो. या बाबतीत ती पद्धत आपल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागांशी अधिक मिळतीजुळती आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की आपल्याकडे काही जागा राखीव असतात, तेथे सर्वच्या सर्व राखीव असतात. ज्याला ‘मी केवळ लेबनीज नागरिक आहे’ असे म्हणावयाचे आहे, त्याच्यासाठी १२८ पैकी एकही जागा नाही. तरुणांच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. त्यांचे भांडण कोणाच्या उपासनेशी नाही. कायद्याने त्यांना उभे राहण्यास पंथाबाहेर जागाच ठेवलेली नाही, हे त्यांचे गाऱ्हाणे आहे.

ही व्यवस्था मुळात तात्पुरती म्हणून आली, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. तिचा उगम ऑटोमन काळात आहे. १८६० साली लेबनॉनच्या डोंगराळ भागात ड्रूझ आणि मॅरोनाइट यांच्यात भीषण कत्तली झाल्या. त्यानंतर युरोपीय सत्तांच्या दडपणाखाली १८६१ मध्ये त्या प्रदेशास जी स्वायत्त राज्यरचना मिळाली तिच्यात पंथवार प्रतिनिधित्वाचे तत्त्व घातले गेले. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी १ सप्टेंबर १९२० रोजी बैरूत, त्रिपोली, दक्षिणेकडील मुलूख आणि बका खोरे जोडून ‘बृहत् लेबनॉन’ निर्माण केले. १९२६ च्या घटनेतील ९५ व्या कलमाने मंत्रिमंडळात व सरकारी नोकरीत पंथांना न्याय्य वाटा द्यावा असे म्हटले. परंतु हे ‘तात्पुरते’ असावे असेही त्याच कलमात नमूद होते.

१९३२ मध्ये जनगणना झाली. ख्रिस्ती लोक निम्म्याहून किंचित अधिक निघाले. त्या आकड्यांवर १९४३ चा ‘राष्ट्रीय करार’ उभारला गेला. मॅरोनाइटांचे पुढारी बशारा अल-खूरी आणि सुन्नींचे पुढारी रियाद अल-सुल्ह यांच्यातील हा समझोता तोंडी होता. ख्रिस्ती लोकांनी फ्रान्सचा आधार सोडावा, मुसलमानांनी सीरियात विलीन होण्याचा आग्रह सोडावा आणि संसदेच्या जागा सहास पाच या प्रमाणात वाटून घ्याव्यात, असे त्याचे सार सांगता येईल. १९३२ नंतर त्या देशात जनगणना झालेली नाही. झालीच तर जे आकडे बाहेर येतील ते कोणा ना कोणा पंथाच्या वाट्यावर घाला घालतील, ही भीती त्यामागे आहे. आपल्या देशात किती माणसे राहतात हे मोजण्याचे धैर्य ज्या राज्यास होत नाही, त्या राज्याचा पाया किती भुसभुशीत आहे हे निराळे सांगावयास नको.

१३ एप्रिल १९७५ रोजी बैरूतच्या ऐन अल-रुम्माना भागात पॅलेस्टिनी प्रवाशांनी भरलेल्या बसवर गोळीबार झाला आणि पंधरा वर्षे चालणाऱ्या यादवी युद्धास तोंड फुटले. सुमारे दीड लाख माणसे त्यात मारली गेली असे सामान्यतः मानले जाते. १९८९ च्या ताइफ कराराने ते संपुष्टात आले. सहास पाच हे प्रमाण जाऊन बरोबरीचे प्रमाण आले, राष्ट्राध्यक्षाचे अधिकार कमी झाले, आणि १९९० च्या घटनादुरुस्तीने ९५ व्या कलमात एक नवे वचन घातले गेले: ‘राजकीय पंथवाद’ टप्प्याटप्प्याने नष्ट करण्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमावी. ती समिती आजतागायत नेमली गेलेली नाही. म्हणजे पंथविरहित राज्यव्यवस्थेची मागणी करणारे तरुण कोणतीही क्रांतिकारक गोष्ट मागत नाहीत. ते देशाच्या घटनेतील लिखित वचनाची आठवण करून देतात. असे असूनही त्यांना स्वप्नाळू ठरविले जाते, ही यातील गंमत होय.

हे वचन पाळले का गेले नाही? पुढाऱ्यांचा स्वार्थ हे उत्तर खरे आहे, परंतु पुरेसे नाही. भीतीही तितकीच खरी आहे. १८६० ची आठवण, पहिल्या महायुद्धातील भयंकर दुष्काळ, शेजारच्या देशांत अल्पसंख्यांची झालेली गत, हे सारे लहान पंथांच्या मनात घर करून आहे. शिवाय या व्यवस्थेने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. भोवतालच्या अरब देशांत लष्करशहा आणि एकपक्षीय राजवटी आल्या, त्या काळात लेबनॉनमध्ये वृत्तपत्रे मोकळी होती, पुस्तके छापली जात होती, परागंदा झालेल्या अरब लेखकांना आसरा मिळत होता. कोणत्याही एका पंथास सर्व सत्ता बळकावता येत नव्हती, हे त्याचे एक कारण होते. पंथांनी एकमेकांना अडविले. त्या अडवणुकीत हुकूमशहालाही अडविले.

परंतु त्याच अडवणुकीत सुधारणाही अडकून पडली. सुधारणेचे दोन अर्थ लेबनॉनच्या राजकारणात वापरले जातात, आणि ते मोठ्या चातुर्याने वापरले जातात. ‘राजकीय पंथवाद नष्ट करा’ अशी मागणी इस्लामी पुढारी वरचेवर करतात. लोकसंख्या त्यांच्या बाजूस असल्याने पंथवार जागा गेल्या तर लाभ त्यांचाच. म्हणून ख्रिस्ती पुढारी त्या मागणीने दचकतात. प्रत्युत्तरादाखल ते म्हणतात, मग पूर्ण धर्मनिरपेक्षताच आणू, विवाह व वारसा यांचेही नागरी कायदे करू. इस्लामी धर्मपीठे ते मान्य करणार नाहीत याची त्यांना खात्री असते. (ख्रिस्ती धर्मपीठेही मनातून त्यास राजी नसतात, परंतु त्यांना ते बोलून दाखविण्याची वेळ क्वचितच येते.) अशा रीतीने प्रत्येक जण दुसरा नाकारील तेवढीच सुधारणा सुचवितो आणि सुधारक म्हणून मिरवतो. सर्वच सुधारणा हवी म्हणणारा बिचारा तरुण दोन्ही बाजूंना परका ठरतो.

शब्दांचीही अडचण आहे. धर्मनिरपेक्षतेसाठी अरबीत जो ‘अलमानिया’ हा शब्द आहे, तो अनेकांच्या कानांना नास्तिकपणासारखा लागतो. मराठीत ‘निधर्मी’ या शब्दाने असाच घोटाळा पुष्कळ वर्षे केला. त्यामुळे पुढे पुढे लेबनॉनमधील तरुण ‘मदनी’, म्हणजे नागरी, राज्याची मागणी करू लागले. वस्तुतः धर्मनिरपेक्ष राज्याचा तेथील एक ठाम पुरस्कर्ता धर्मगुरूच होता. बैरूतचे ग्रीक कॅथलिक बिशप ग्रेग्वार हद्दाद (१९२४–२०१५) यांनी धर्म आणि राज्य यांची फारकत धर्माच्याही हिताची आहे हे आयुष्यभर सांगितले, आणि त्यापायी रोष पत्करला.

सामान्य माणसाच्या दृष्टीने हा सारा खटाटोप तत्त्वांचा नसून रोजच्या गरजांचा आहे. युद्धकाळातील टोळ्यांचे म्होरके १९९१ च्या सर्वमाफीच्या कायद्यानंतर मंत्री झाले. प्रत्येक पंथाचा एक किंवा दोन ‘जईम’, म्हणजे पोशिंदे पुढारी, असतात. इस्पितळात खाट, मुलाला शाळेत प्रवेश, पुतण्याला पोलिसात नोकरी, यांसाठी त्यांच्या दारी जावे लागते. सरकारी इस्पितळे आणि सरकारी शाळा जितक्या दुबळ्या, तितके हे दार मोठे. ताइफ करारानंतर पंथांचे प्रमाण केवळ वरिष्ठ श्रेणीच्या सरकारी पदांपुरते मर्यादित राहावयाचे होते. प्रत्यक्षात काय होते याचे एक उदाहरण पुरे. सरकारी सेवा मंडळाने घेतलेली वनरक्षकांची परीक्षा काही उमेदवार उत्तीर्ण झाले. परंतु उत्तीर्णांमध्ये ख्रिस्ती व मुसलमान यांचा तोल जमत नाही म्हणून त्यांच्या नेमणुकांच्या आदेशावर स्वाक्षरीच झाली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरच्या मध्यास लेबनॉनच्या डोंगरांत वणवे पेटले. आग विझविण्यासाठी आणलेली हेलिकॉप्टरे देखभालीअभावी पडून होती, आणि वनरक्षक घरी बसले होते. झाडांना कोणता पंथ असतो, असा प्रश्न त्या दिवसांत अनेकांनी विचारला असेल तर नवल नाही.

तरुणांना या व्यवस्थेत आवाज मिळू नये याचीही तजवीज आहे. मतदानाचे वय घटनेने २१ ठेवले आहे. ते १८ वर आणण्यास २००९ मध्ये संसदेने तत्त्वतः संमती दिली. परंतु २०१० च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष घटनादुरुस्ती मतास आली तेव्हा बहुसंख्य सदस्य तटस्थ राहिले आणि दुरुस्ती बारगळली. कारण उघड होते. अठरा ते एकवीस या वयोगटात मुसलमानांचे प्रमाण अधिक. ते मतदार झाले तर तोल ढळेल. म्हणून ख्रिस्ती पक्षांनी परदेशस्थ लेबनीज लोकांच्या मताधिकाराशी या प्रश्नाची सांगड घातली. अठरा वर्षांच्या मुलाकडे पाहताना संसदेस तरुण दिसला नाही. पंथाचे एक माप दिसले. लेबनीज स्त्रीने परदेशी पुरुषाशी विवाह केला तर तिच्या मुलांना तिचे नागरिकत्व मिळत नाही, यामागेही हाच हिशेब आहे.

जुन्या पिढीतही या व्यवस्थेस विरोध करणारे होते. १९७५ मध्ये कमाल जुंबलात यांच्या नेतृत्वाखालील डाव्या आघाडीने राजकीय पंथवाद नष्ट करण्याचा कार्यक्रम मांडला होता. परंतु तो युद्धाच्या वणव्यात भस्म झाला आणि १९७७ मध्ये खुद्द जुंबलात यांची हत्या झाली. युद्धानंतर वाढलेल्या पिढीने वेगळ्या रीतीने सुरुवात केली. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात २००८ मध्ये विद्यार्थ्यांचे एक धर्मनिरपेक्ष मंडळ निघाले. तेथील विद्यार्थी-निवडणुका म्हणजे देशाच्या राजकारणाची छोटी प्रतिकृतीच; त्यांत पंथाच्या पक्षांबाहेर उभे राहणे हे तेव्हा धाडसच होते. २००९ च्या फेब्रुवारीत गृहमंत्री झियाद बारूद यांनी एक परिपत्रक काढले. त्यायोगे नागरिकास आपल्या नोंदीतून पंथाचे नाव काढून टाकता येऊ लागले. त्या रकान्यात नावाऐवजी एक तिरकी रेघ येऊ लागली. २५ एप्रिल २०१० रोजी काही हजार लोक धर्मनिरपेक्ष राज्याची मागणी करीत बैरूतच्या समुद्रकाठाहून संसदेकडे चालत गेले.

पुढच्या वर्षी ट्युनिस आणि कैरोच्या चौकांतून ‘जनतेला राजवटीचे पतन हवे’ ही घोषणा घुमत होती. बैरूतच्या तरुणांनी तिच्यात एक शब्द घातला: ‘जनतेला पंथाधिष्ठित राजवटीचे पतन हवे.’ त्या एका शब्दात त्यांची सारी अडचण सामावलेली आहे. इतर अरब देशांत पाडावयाचा एक हुकूमशहा होता. येथे पाडावयास एक माणूस नव्हताच. २७ फेब्रुवारी २०११ रोजी भर पावसात पहिला मोर्चा निघाला, मार्चमध्ये हजारो लोक जमू लागले. परंतु सभापतींसारखे सत्ताधारीही ‘आम्हीही पंथवादाविरुद्धच आहोत’ असे सांगू लागले. हिझबुल्लाहची शस्त्रे आणि सीरियातील उठाव यांविषयी काय भूमिका घ्यावी यावरून तरुणांत फूट पडली, आणि काही महिन्यांत ही चळवळ ओसरली.

त्यानंतर एका तरुण जोडप्याने जे केले ते मोर्चांपेक्षा अधिक दूरवर पोहोचले. लेबनॉनमध्ये नागरी विवाहाचा कायदा नाही. मात्र परदेशात केलेला नागरी विवाह सरकार मान्य करते. त्यामुळे भिन्न पंथांची वधूवरे विमानाने सायप्रसला जातात आणि लग्न लावून परततात. हा प्रवासखर्च हाच जणू धर्मनिरपेक्षतेवरील कर होय. आपल्याकडे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ही सोय निदान कागदोपत्री तरी घरच्या घरी उपलब्ध आहे. राष्ट्राध्यक्ष इलियास हरावी यांनी १९९८ मध्ये ऐच्छिक नागरी विवाहाचे विधेयक मांडले, मंत्रिमंडळाने ते बहुमताने संमतही केले. परंतु सर्व धर्मपीठे एकमुखाने विरोधात उभी राहिली आणि पंतप्रधान रफीक हरीरी यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही. पंथांमध्ये एकी होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

या जोडप्याने वेगळी वाट धरली. दोघेही मुसलमान होते, एक सुन्नी, दुसरा शिया. म्हणजे धार्मिक विवाह त्यांना सहज करता आला असता. त्यांनी आधी आपल्या नोंदींतून पंथाचे नाव काढून टाकले. मग १९३६ च्या फ्रेंच अमदानीतील एका हुकुमाचा आधार घेतला. कोणत्याही पंथात नसलेल्या व्यक्तीस नागरी कायदा लागू होईल असे त्यात म्हटले होते. तो कायदा पुढे कधी झालाच नाही, परंतु हुकूमही रद्द झाला नव्हता. या फटीतून त्यांनी २०१२ च्या अखेरीस लेबनॉनच्याच भूमीवर नागरी विवाहाचा करार केला. २०१३ च्या जानेवारीत सुन्नींचे प्रमुख मुफ्ती मुहम्मद रशीद कब्बानी यांनी फतवा काढला की, नागरी विवाहास मान्यता देणारा मुसलमान सत्ताधारी धर्मभ्रष्ट समजला जाईल. तथापि एप्रिलमध्ये गृहमंत्री मरवान शर्बेल यांनी विवाह नोंदवून घेतला. त्या दांपत्याचे मूल पुढे पंथाच्या नोंदीवाचून जन्मास आले. त्यांचे पाहून आणखी काही जोडप्यांनी तसेच करार केले. परंतु गृहमंत्री बदलले आणि नोंदणी थांबली. एका मंत्र्याच्या सहीने मिळालेला हक्क दुसऱ्याच्या सहीअभावी जातो. त्यासाठी कायदाच व्हावा लागतो, हा धडा तरुणांना येथे मिळाला.

२०१५ च्या जुलैमध्ये बैरूतचा कचरा टाकण्याची जागा बंद झाली आणि शहरभर कचऱ्याचे ढीग साचले. कंत्राटाची वाटणी पुढाऱ्यांत ठरेना. ‘तुमची दुर्गंधी सुटली आहे’ हे नाव धारण केलेली चळवळ रस्त्यावर आली. पुढील वर्षी नगरपालिकेच्या निवडणुकीत ‘बैरूत मदीनती’, म्हणजे ‘बैरूत माझे शहर’, या नावाने २४ उमेदवार उभे राहिले. त्यांत स्त्रिया व पुरुष समसमान होते. सर्व प्रस्थापित पक्ष त्यांच्याविरुद्ध एकत्र आले. नवोदितांना लक्षणीय मते पडली, जागा मात्र एकही नाही. शहरात राहणाऱ्या बहुसंख्य लोकांचे मत आजोबांच्या गावी नोंदलेले होते हे येथे ध्यानात घ्यावे. शहराचा कचरा ज्यांच्या दारात होता त्यांतील पुष्कळांना शहराचे प्रतिनिधी निवडताच येत नव्हते.

ऑक्टोबर २०१९ चा उठाव या सर्वांच्या पाठीवर उभा आहे. वणवे नुकतेच विझत होते. तिजोरीत खडखडाट होता. १७ ऑक्टोबर रोजी सरकारने व्हॉट्सॲपवरून केल्या जाणाऱ्या संभाषणांवर महिन्यास सहा डॉलरपर्यंत आकार बसविण्याचे जाहीर केले. त्या रात्रीच लोक रस्त्यावर आले. सरकारने आकार मागे घेतला, लोक मागे गेले नाहीत. यापूर्वीच्या मोर्चांत एका पंथाचे लोक दुसऱ्या पंथाच्या पुढाऱ्यास शिव्या देत. या वेळी सुन्नीबहुल त्रिपोलीत सुन्नी पुढाऱ्यांविरुद्ध, शियाबहुल नबातिया आणि सूर येथे शिया पुढाऱ्यांविरुद्ध घोषणा झाल्या. ‘कुल्लुन यअनी कुल्लुन’, सगळे म्हणजे सगळे, ही घोषणा देशभर गेली. आपल्या पुढाऱ्याचा अपवाद न करणे हेच तिचे मर्म होते, आणि पोशिंद्याच्या दारी ज्याचे घर चालते त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

२७ ऑक्टोबरला उत्तरेस त्रिपोलीपासून दक्षिणेस सूरपर्यंत सुमारे १७० किलोमीटर लांबीची मानवी साखळी करण्याचा उपक्रम झाला. बैरूतच्या मध्यभागी युद्धात मोडकळीस आलेल्या, अंड्याच्या आकाराच्या जुन्या चित्रपटगृहात प्राध्यापक व विद्यार्थी घटना आणि अर्थव्यवस्था यांवर जाहीर चर्चा करू लागले. २९ ऑक्टोबरला शिया पक्षांच्या समर्थकांनी चौकातील तंबू मोडले, जाळले. त्याच दिवशी पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरच्या आरंभी शाळा-महाविद्यालयांतील मुलेमुली वर्ग सोडून बाहेर पडली. त्याच महिन्याच्या अखेरीस ख्रिस्ती वस्तीचे ऐन अल-रुम्माना आणि शेजारची शिया वस्ती शिय्याह यांच्या सीमेवर तरुणांत दगडफेक झाली. १९७५ ची आठवण कोणालाही व्हावी असे ते ठिकाण. दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्त्यांतील आया पांढरी फुले घेऊन त्या सीमेवरून एकत्र चालत गेल्या.

नंतरचा काळ कठीण आला. २०२० च्या मार्चमध्ये सरकारने परदेशी कर्ज फेडण्यास असमर्थता जाहीर केली. डॉलरला १,५०७ पौंड हा वर्षानुवर्षे टिकविलेला दर कोसळला; २०२३ पर्यंत चलनाचे ९८ टक्के मूल्य नष्ट झाले. लोकांच्या ठेवी बँकांत अडकून पडल्या. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात वर्षानुवर्षे निष्काळजीपणे साठविलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच्या चौकशीतही पंथ आडवे आले. न्यायाधीशाने कोणा माजी मंत्र्यास बोलाविले की, हा आमच्या पंथावर आघात आहे, असा ओरडा होई.

या आपत्तीने पुढाऱ्यांची अब्रू गेली हे खरे. परंतु भुकेलेला आणि आजारी माणूस पुन्हा पक्षाच्या शिधावाटपाकडे व पक्षाच्या दवाखान्याकडेच वळला, कारण सरकारी दुकान आणि सरकारी इस्पितळ दोन्ही ओस पडली होती. ज्यांच्या कारभाराने देश बुडाला त्यांच्यावरच लोकांचे अवलंबन वाढले. ज्यांना शक्य होते ते तरुण देश सोडून गेले, आणि चळवळीचे कार्यकर्ते बहुतेक याच वर्गातील होते. तरीही २०२० च्या अखेरीस प्रमुख विद्यापीठांच्या विद्यार्थी-निवडणुकांत धर्मनिरपेक्ष गटांनी प्रस्थापित पक्षांच्या शाखांना मागे सारले. १५ मे २०२२ च्या संसदीय निवडणुकीत परिवर्तनवादी म्हणून ओळखले गेलेले सुमारे तेरा सदस्य निवडून आले.

त्यांपैकी दोघे दक्षिणेतील एका मतदारसंघातून आले, जेथे शिया पक्षांची पकड अभेद्य मानली जात असे. त्यांतील फिरास हमदान या तरुण वकिलास २०२० च्या निदर्शनांत छातीत छर्रा लागला होता. दुसरे इलियास जरादे हे नेत्रवैद्य. पंथवादाविरुद्ध लढणारे हमदान ड्रूझ जागेवर निवडून आले, जरादे ग्रीक ऑर्थोडॉक्स जागेवर. दुसरा मार्गच नव्हता. नोंदवहीत तिरकी रेघ घेऊन उमेदवारी अर्ज भरणाऱ्यास कोणत्या पंथाच्या जागेवर उभे करावयाचे, याचे उत्तर निवडणूक कायद्यात नाही. व्यवस्थेबाहेर पडू इच्छिणाऱ्यालाही तिच्याच दारातून आत जावे लागते. आत गेल्यावर या तेरा जणांची एकी टिकली नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी कोणास पाठिंबा द्यावा येथपासून मतभेद सुरू झाले.

ते पद ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीपासून दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. इस्रायलबरोबरच्या २०२४ च्या युद्धानंतर, ९ जानेवारी २०२५ रोजी, लष्करप्रमुख जोसेफ औन राष्ट्राध्यक्ष झाले. ते मॅरोनाइट आहेत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्षपद भूषविलेले नवाफ सलाम पंतप्रधान झाले; ते सुन्नी आहेत. चौकांत उभ्या राहिलेल्या अनेक तरुणांना २०१९ पासूनच या पदावर हवे होते ते सलामच. फेब्रुवारीत त्यांनी २४ जणांचे मंत्रिमंडळ बनविले. त्यात अनेक तज्ज्ञ मंडळी होती, आणि मोजून बारा ख्रिस्ती व बारा मुसलमान होते.